हरवलेला मुलगा परत आला. आता कादंबरी पुढे कशी न्यायची?

तुमच्या कादंबरीचा प्रश्न थोडक्यात असा. सातारा जिल्ह्यातल्या एका बागायतदार घरातला सात वर्षांचा मुलगा 2015 च्या आषाढी वारीत पंढरपुरात हरवतो. 2024 च्या दिवाळीत, सोळाव्या वर्षी, तो एकटाच दारात येऊन उभा राहतो. घरात आजी, आई, काका आणि काकू आहेत. आजोबा आणि वडील मधल्या काळात गेले. मुलगा खरा की तोतया, हे शेवटच्या पानावर उघड करायचं असं ठरवून दोनशे पानं लिहून झाली आहेत. त्यातली पहिली दीडशे शोधाची. तो परतल्यावर मात्र कथा ठप्प झाली. शिवाय पोलीस, डीएनए, बालकल्याण समिती हे किती आणि कसं दाखवायचं, हेही विचारलं आहे.

कथा ठप्प झाली याचं कारण लेखनशैलीत नाही, प्रश्नात आहे. "हा तोच का?" हा प्रश्न आजच्या महाराष्ट्रात फार दिवस टिकत नाही. आई जिवंत आहे, मुलगा समोर आहे. दोघांचं रक्त तपासलं की उत्तर येतं. वाचकाला हे ठाऊक असतं, त्यामुळे तुम्ही चाचणी जितकी लांबवाल तितका तो वैतागतो. ओळखीचा प्रश्न कादंबरीच्या निम्म्यात सोडवून टाका आणि त्याच्या उत्तरातून दुसरा, जास्त अडचणीचा प्रश्न निघेल अशी मांडणी करा: या घरात कोणाला काय आधीपासून माहीत होतं?

तोतयाची कथा आपल्याला नवी नाही. 1761 ला पानिपतावर सदाशिवरावभाऊ पडले, आणि पुढे सुखनिधान नावाचा एक माणूस "मीच भाऊ" म्हणत उभा राहिला. 1776 मध्ये कोकणात त्याच्या मागे फौज जमली, किल्ले मिळाले, आणि त्याच वर्षी त्याला पकडून पुण्यात देहदंड झाला. चेहऱ्याच्या साम्यावर एवढं बंड उभं राहत नाही. त्याला भाऊ मानण्यात अनेकांची सोय होती, म्हणून ते उभं राहिलं. अमेरिकेत लुइझियानामध्ये 1912 साली चार वर्षांचा बॉबी डनबार तळ्याकाठी नाहीसा झाला. आठ महिन्यांनी मिसिसिपीत एका फिरस्त्याजवळ एक मुलगा सापडला. दुसरी एक बाई तो आपला मुलगा आहे असं सांगत होती, तरी तो डनबारांकडे गेला, त्यांच्याच नावाने वाढला, म्हातारा होऊन वारला. 2004 मध्ये वंशजांच्या डीएनए तपासणीत कळलं की तो डनबार नव्हताच. आणि 1997 मध्ये टेक्सासातल्या एका कुटुंबाने तीन वर्षांपूर्वी हरवलेला आपला निळ्या डोळ्यांचा मुलगा म्हणून तपकिरी डोळ्यांच्या, तेवीस वर्षांच्या एका फ्रेंच माणसाला काही महिने घरात ठेवून घेतलं. तिन्ही ठिकाणी कुतूहल फसवणाऱ्याबद्दल कमी आणि फसून घेणाऱ्यांबद्दल जास्त वाटतं. तुमच्या कादंबरीतही मुलाकडचा कॅमेरा घरातल्यांकडे वळवा.

तुमच्या पात्रांवरून एक रचना सुचते. ती जशीच्या तशी घ्यायला हवी असं नाही, पण पुढचं सगळं तिच्या आधाराने नीट सांगता येईल.

मुलगा परततो. आजी त्याला कवटाळते, काका पेढे वाटतो. आई मात्र डीएनए चाचणीला तयार होत नाही. "माझ्या लेकराची परीक्षा घेणार नाही," एवढंच म्हणते. वाचक आणि तपास अधिकारी दोघांना वाटतं, हा तोतया आहे आणि हिला ते माहीत आहे. अखेर चाचणी होते, अहवाल येतो: या बाईचा या मुलाशी मातृत्वाचा संबंध नाही. वाचक म्हणतो, बघा, ओळखलं होतं. आणि इथे, साधारण निम्म्या पानांवर, दुसरा अहवाल ठेवा: मुलाची वाय गुणसूत्राची रेषा काकाशी तंतोतंत जुळते. म्हणजे मूल याच घराण्यातलं आहे. तो खरा आहे; फक्त आई ज्याला नऊ वर्षं रडली तो तिच्या पोटचा नव्हता. धाकट्या जावेचं मूल थोरलीच्या मांडीवर दिलेलं, जन्माची नोंद आजोबांनी थोरलीच्या नावाने करून घेतलेली. नकाराचं कारण वाचकाने मानलं त्याच्या नेमकं उलट निघतं.

ही गाठ विश्वासार्ह व्हायची तर डीएनएची बाजू अचूक हवी. नेहमीच्या चाचणीत गुणसूत्रांवरच्या पंधरा ते तेवीस-चोवीस ठरावीक जागा पाहतात. प्रत्येक जागेवर मुलाकडे दोन खुणा असतात, एक आईकडून, एक वडिलांकडून. एखाद्या जागेवर जुळलं नाही तर लगेच नातं नाकारत नाहीत, कारण उत्परिवर्तनाने तसं होऊ शकतं. तीन किंवा अधिक जागांवर विसंगती आली की नाकारतात. म्हणून "एका जागेचा फरक" दाखवून गोंधळ उभा करू नका, जाणकार वाचक हसेल. वाय रेषा बापाकडून मुलाकडे जवळपास न बदलता जाते. त्यामुळे वडील, काका, आजोबा, चुलतभाऊ सगळ्यांची सारखीच असते. इथेच तुमचा फायदा आहे. अहवाल "काका हाच बाप" असं म्हणत नाही, "पितृवंश एकच" एवढंच म्हणतो. मेलेल्या वडिलांचंच मूल, पण दुसऱ्या बाईपासून, असाही अर्थ निघतो, आणि गावकुजबुजीला तेवढं पुरे. काकाची पूर्ण पितृत्व चाचणी आणि काकूचा नमुना मागायचं तपास अधिकाऱ्याला कधी सुचतं, त्यावर तुमची पुढची साठ पानं चालतील.

नमुना कसा घेतात, हे एका परिच्छेदात येऊ द्या. ग्रामीण किंवा जिल्हा रुग्णालयात वैद्यकीय अधिकारी रक्त घेतात, ओळखपत्रकावर फोटो चिकटवून सही-अंगठा घेतात, लाखेचं सील लावतात, आणि पोलीस शिपाई ते पाकीट हाताने न्यायसहायक वैज्ञानिक प्रयोगशाळेत नेऊन पोचवतो. साताऱ्यासाठी पुण्याची प्रयोगशाळा जवळची; मुख्यालय मुंबईत कालिन्याला. अहवाल दुसऱ्या दिवशी येत नाही. काही आठवडे धरा, कधी महिनेही लागतात. तुमच्या तारखांनी तर तुम्हाला आयती सवलत दिली आहे: 2024 च्या दिवाळीत विधानसभेची आचारसंहिता होती, 20 नोव्हेंबरला मतदान. पोलीस ठाण्यातली निम्मी माणसं बंदोबस्तात. तपास रेंगाळायला याहून खरं कारण शोधूनही मिळणार नाही.

घरात जपलेल्या वस्तूंबद्दल. जावळाचे केस कात्रीने कापलेले असतात, मूळ नसतं. त्यातून मातृवंशाची रेषा मिळू शकते, पूर्ण ओळख मिळणं कठीण. पडलेला दुधाचा दात बरा. सगळ्यात उपयोगी म्हणजे सुकलेली नाळ. अनेक घरांत ती हळदीकुंकवाच्या डबीत किंवा कापडाच्या पुरचुंडीत ठेवलेली असते आणि वाळलेल्या ऊतीतूनही डीएनए निघू शकतो. नाळेची गंमत अशी की ती मुलाला त्याच्या स्वतःशीच जोडते. आईशी न जुळणारा मुलगा नाळेशी जुळला, की तोतयाचा मुद्दा संपला. मग प्रश्न उरतो, ती डबी कोणाच्या पेटीत सापडली? थोरलीच्या की धाकटीच्या?

रक्तगटाची शहानिशा वापरणार असाल तर जपून. शाळेच्या ओळखपत्रावरचा रक्तगट अनेकदा चुकीचा असतो. "ओ गटाच्या आईला एबी गटाचं मूल होऊच शकत नाही" हे वाक्य मुंबईतच खोटं ठरलं आहे: 1952 मध्ये डॉ. भेंडे आणि सहकाऱ्यांनी नोंदवलेला बॉम्बे रक्तगट साध्या तपासणीत ओ दिसतो, पण पुढच्या पिढीला ए किंवा बी देऊ शकतो. एका प्रकरणापुरती हुलकावणी म्हणून ठीक, मुख्य गाठ त्यावर बांधू नका.

आता सूत्रांकडे. रहस्यकथेत सूत्र लपवायची जागा म्हणजे वाचकाचं लक्ष दुसऱ्या गोष्टीवर असताना. या कथेत सगळ्यात मोठं सूत्र भाषेचं आहे. सातव्या वर्षी गेलेलं मूल नऊ वर्षं तमिळ किंवा बंगाली मुलखात राहिलं तर मराठी जवळजवळ विसरतं. काही उच्चार, एखादं बडबडगीत, देवाचं नाव राहतं. तुमचा मुलगा दारात उभा राहून सरळ मराठीत बोलतो. म्हणजे तो मराठी माणसांतच वाढला. हे अधिकाऱ्याला पहिल्या भेटीतच दिसायला हवं. पुढचं पाऊल: कुठली मराठी?

एक प्रसंग असा लिहून बघा. तिसऱ्या-चौथ्या दिवशीची रात्र, पंगत बसली आहे. आमटीवर घालायला मुलगा म्हणतो, "थोडा सांबार द्या." आजी हसते, "अरे, इडली कुठं केलीय आज?" काका म्हणतो, हॉटेलात वाढलेलं दिसतंय पोरगं. सगळे हसतात. काकू मात्र बोलता बोलता चिरलेल्या कोथिंबिरीची वाटी त्याच्या पानाशी सरकवते, आणि विषय भलतीकडे जातो. नागपूर-वऱ्हाडाकडे कोथिंबिरीला सांबार म्हणतात. मुलगा विदर्भात वाढला हे पुण्या-साताऱ्याच्या वाचकाला थोडं उशिरा कळेल आणि ते कळल्यावर त्याला आपण हुशार आहोत असं वाटेल. त्या आनंदात तो काकूचा हात विसरतो. जन्म कऱ्हाडचा, माहेर सोलापूरचं, विदर्भात कधी पाऊल न टाकलेली बाई हा शब्द कशी समजली? ती वर्षातून दोनदा "अक्कलकोटला" कोणाला भेटायला जात होती? वाटी सरकवण्याचं वाक्य लहान ठेवा, परिच्छेदाच्या मधे ठेवा, आणि त्यानंतर लगेच कोणाचं तरी मोठं बोलणं येऊ द्या. परिच्छेदाच्या शेवटी ठेवलंत तर फुकट गेलं.

बोलीचं सूत्र एका शब्दावर थांबवू नका, पण अतिरेकही नको. "काय करून राहिला," "येऊन राहिलो" अशी एखादी क्रियापदाची लकब दोनदा-तीनदा पुरते. संपूर्ण संवाद वऱ्हाडीत लिहिलात तर रहस्य पहिल्या पानावरच संपेल. शिवाय तो घरी आल्यावर बोली लपवायचा प्रयत्न करील, हे स्वाभाविक आहे. लपवलेली बोली रागात किंवा झोपेत बाहेर पडते.

मुलाला काय आठवतं याची आखणी लिहायला बसण्याआधी कागदावर करा. सात वर्षांच्या मुलाला घराचा आराखडा, गाईचं नाव, शाळेतली बाई, एखादी मोठी भीती आठवेल. तालुका, आडनावाचं स्पेलिंग, रस्त्याचं नाव नाही. तो "आमची वाडी" सांगेल, आणि वाड्या महाराष्ट्रात किती आहेत ते तुम्हाला ठाऊक आहे. तिसऱ्या वर्षी हरवला असता तर जवळपास काहीच नसतं आठवलं, म्हणून वय बदलायच्या मोहात पडू नका. त्याच्या माहितीचे तीन थर करा. पहिला, पोस्टरवर आणि पेपरात छापून आलेलं. दुसरा, भावकीत सगळ्यांना ठाऊक असलेलं. तिसरा, फक्त दोन-तीन माणसांना माहीत असलेलं. एखादा मुलगा पहिल्या थरातलं अचूक आणि तिसऱ्यातलं शून्य सांगत असेल तर तो पढवलेला आहे. तुमचा मुलगा तिसऱ्या थरातलं काहीतरी असं सांगतो, जे तो गेल्यानंतर घडलं: समजा, आजोबांच्या शेवटच्या आजारात खाट ओसरीत हलवली होती. नऊ वर्षांत त्याला घरच्या बातम्या देणारं कोणीतरी होतं. अधिकारी हे टिपतो तेव्हा पहिल्यांदा त्याची नजर घरातल्यांवर जाते.

आठवणी दूषित होतात, हेही वापरा. आल्या दिवशी आजी अल्बम काढून बसते, "हा बघ मोत्या, आठवतो का?" असं विचारते, आणि दोन दिवसांनी मुलगा मोत्याबद्दल बोलतो. ते आता पुराव्याला निरुपयोगी. चांगला अधिकारी एक खूण कधीच बाहेर सांगत नाही. 2015 च्या फिर्यादीत जे मुद्दाम छापू दिलं नाही, तेच 2024 ला विचारायचं.

फिर्याद मराठीतच असते आणि तिची स्वतःची लय असते. तिचा एक तुकडा द्या: "समक्ष पोलीस ठाण्यात हजर राहून फिर्याद देतो की… वय 7 वर्षे, रंगाने सावळा, अंगाने सडपातळ, चेहरा उभट, नाक सरळ, उंची अंदाजे 3 फूट 9 इंच, नेसणीस पांढरा सदरा व खाकी हाफ पँट, पायात निळी स्लिपर, गळ्यात तुळशीची माळ, भाषा मराठी." या वर्णनात एक तपशील चुकीचा ठेवा. स्लिपर निळी नव्हती, काळी होती. आणि निळी सांगणारी व्यक्ती ती होती जिने त्याला सकाळी बसवून नवीन चप्पल घेऊन दिली. वाचक ही ओळ सरकारी भाषा म्हणून डोळ्याखालून घालतो.

कायद्याचा क्रम. मे 2013 मध्ये सर्वोच्च न्यायालयाने बचपन बचाओ आंदोलन या संस्थेच्या याचिकेवर सांगितलं की अल्पवयीन बेपत्ता झालं की नुसती मिसिंगची नोंद पुरत नाही, गुन्हा दाखल करून अपहरण किंवा तस्करी गृहीत धरूनच तपास करायचा. तुमची घटना 2015 ची आहे, त्यामुळे "चोवीस तास थांबा, येईल परत" म्हणणारा ठाणे अंमलदार दाखवायचा असेल तर तो नियम मोडतो आहे हे कळलं पाहिजे. गुन्हा पंढरपूर शहर पोलीस ठाण्याचा, जिल्हा सोलापूर ग्रामीण. घरच्यांनी आधी साताऱ्यात फिर्याद दिली तर ती शून्य क्रमांकाने नोंदवून पंढरपूरला वर्ग होते. या हस्तांतरात गेलेले दोन-तीन दिवस अपहरण करणाऱ्याला पुरतात. त्या वर्षी अधिक आषाढ आल्याने एकादशी 27 जुलैला होती, म्हणजे शाळा सुरू होऊन महिना उलटलेला. हे विसरू नका, पुढे कामाला येतं.

अपहरणाचं कलम भारतीय दंड विधानाचं 363. परत आल्यावर 2024 आहे म्हणून भारतीय न्याय संहितेचं 137 लावू नका; गुन्हा घडला तेव्हाचाच कायदा लागतो. या गुन्ह्याला सात वर्षांपर्यंत शिक्षा आहे, म्हणून मुदतबाह्य होण्याचा प्रश्न नाही. चार महिन्यांत मूल सापडलं नाही तर तपास अनैतिक मानवी वाहतूक प्रतिबंध कक्षाकडे जायला हवा. आणि शेवटी जुन्या फायलीवर "अ समरी" असू शकते, म्हणजे गुन्हा खरा पण आरोपी मिळून आला नाही. "ब समरी" म्हणजे तक्रारच खोटी. हा फरक चुकवू नका. पोलीस खात्यातला एक वाचक तुमचं सगळं श्रेय काढून घेईल.

सोळा वर्षांचा मुलगा कायद्याने बालक आहे. तो घरी स्वतः आला तरी ठाण्यात कळवल्यावर त्याला बालकल्याण समितीपुढे नेतील. प्रवासाचा वेळ सोडून चोवीस तासांत. समितीत अध्यक्ष आणि चार सदस्य, त्यात किमान एक महिला. ठाण्यात त्याच्याशी बालकल्याण पोलीस अधिकारी बोलतो, गणवेशात नाही. समिती पंधरा दिवसांत सामाजिक तपासणी अहवाल मागवते, चौकशी चार महिन्यांत संपवायची असते. तोवर त्याला घरी ठेवायचं की बालगृहात, हा समितीचा निर्णय. त्याला "रिमांड होम"मध्ये टाकू नका. निरीक्षणगृह कायद्याशी संघर्षात आलेल्या मुलांसाठी, बालगृह काळजी आणि संरक्षणाची गरज असलेल्यांसाठी. न्यायदंडाधिकाऱ्यापुढे त्याचा जबाब होतो, पूर्वी फौजदारी प्रक्रिया संहितेचं कलम 164, आता भारतीय नागरिक सुरक्षा संहितेचं 183. आणि तुमच्या कथेतला स्थानिक पत्रकार त्याचा फोटो छापू शकत नाही: बाल न्याय कायद्याच्या कलम 74 खाली सहा महिन्यांपर्यंत कैद किंवा दोन लाखांपर्यंत दंड, किंवा दोन्ही. हरवलेला असताना गावभर लागलेलं पोस्टर चालतं, परत आल्यावर तोच चेहरा झाकावा लागतो. या विसंगतीवर एक छोटं प्रकरण होईल.

हे सगळं मिळून कादंबरीत वीस पानांच्या वर जाऊ नये. कार्यपद्धती माहीत असणं वेगळं, ती ओतणं वेगळं.

"आत्ताच का परतला?" याला उत्तर नसलेल्या कादंबऱ्या खूप दिसतात. तुमच्याकडे उत्तर तयार आहे. सोळाव्या वर्षी तो दहावीत आहे. ऑक्टोबर-नोव्हेंबरात बोर्डाचे फॉर्म भरतात. नाव, आईचं नाव, जन्मतारीख सगळं जुळावं लागतं. त्यात पंधराव्या वर्षी आधारचे ठसे पुन्हा द्यावे लागतात. दुसऱ्या नावाने आधार काढताना जुने ठसे आधीच नोंदलेले निघाले की अर्ज नाकारला जातो. हरवलेली मुलं या मार्गाने घरी पोचल्याच्या घटना नागपुरातच घडल्या आहेत. मात्र पाच वर्षांखालील बालकाच्या आधारात ठसे घेत नाहीत. म्हणून ठरवा: 2015 पूर्वी त्याचा आधार निघाला होता का, आणि कितव्या वर्षी? सहाव्या वर्षी निघाला असेल तर विदर्भात नवा काढता येणार नाही, शाळेत कायम "आधार प्रलंबित" असा शेरा, आणि बोर्डाच्या फॉर्मला गाडं अडतं. वर्गशिक्षक खोदून विचारतात, मुलगा घरातली कागदपत्रं धुंडाळतो, त्याला शाळा सोडल्याचा जुना दाखला सापडतो. त्यावर साताऱ्यातल्या शाळेचा शिक्का आणि तारीख: सप्टेंबर 2015.

हरवल्यानंतर दीड महिन्याने त्याचा दाखला शाळेतून कोणी नेला? शाळेच्या जनरल रजिस्टरात आणि दाखल्याच्या प्रतीवर घेणाऱ्याची सही असते. 2015 च्या तपासात हे रजिस्टर कोणीच पाहिलं नाही, कारण मुलगा पंढरपुरात हरवला होता आणि शाळा गावात होती. हा पुरावा आहे, आणि सामान्य माणसाच्या हाताशी येणारा आहे.

जमिनीचा हेतू तुम्ही आधीच पेरला असेल, बागायतदार घर म्हटल्यावर तो येतोच. त्याला खोटा माग म्हणून वापरा, पण पक्का. आजोबांनी मृत्युपत्राने मळा नातवाच्या नावे केला, सातबाऱ्यावर नाव लागलं "अ.पा.क. आई" असं, म्हणजे अज्ञान (अल्पवयीन) मुलाची पालनकर्ती आई. अज्ञानाची स्थावर मिळकत जिल्हा न्यायालयाच्या परवानगीशिवाय विकता येत नाही. विकली तर अठरा पूर्ण झाल्यापासून तीन वर्षांत तो व्यवहार रद्द करून मागू शकतो. सात वर्षं खबर नसलेला माणूस मृत मानता येतो, त्यामुळे 2022 नंतर काकाने वारसनोंदीचा अर्ज केला, फेरफारावर पंधरा दिवसांची नोटीस निघाली, आईने हरकत घेतली. इथे वाचक काकाला पकडून बसतो. आणि सगळा हिशेब शेवटी कोसळतो: मूल धाकट्याचं असो की थोरल्याचं, आजोबांचा नातू तोच, मृत्युपत्रात नाव त्याचंच. काकूला जमिनीतून काही मिळत नव्हतं. तिला तिचं मूल हवं होतं. एका घरात राहून त्याच्या तोंडून "काकू" ऐकणं सात वर्षं सोसलं, पुढे सोसवलं नाही. ज्या नातेवाइकाकडे वणी-यवतमाळकडे तिने त्याला ठेवलं, तो का तयार झाला, हे मात्र तुम्हाला स्वतंत्रपणे उभं करावं लागेल. सध्याच्या आराखड्यातली सगळ्यात कच्ची जागा तीच राहील.

शरीराच्या खुणांबद्दल झटपट. डाव्या दंडावरचा बीसीजीचा वण कुचकामी, तो बहुतेकांना असतो. पाठीवरचा निळसर जन्मडाग बहुधा शाळेच्या वयापर्यंत पुसट होतो, म्हणून "डाग नाही, म्हणजे हा तो नाही" म्हणणारी आत्या चूक आहे. दाताची खूण हवी तर सहाव्या वर्षी येणारी पहिली कायमची दाढ घ्या, पुढचे दात नकोत. ते तेव्हा पडत असतात. कानाची ठेवण फारशी बदलत नाही, जुन्या फोटोशी ताडायला तीच बरी.

पानांची वाटणी बदला. 240 पानांच्या कादंबरीत मुलगा तिसाव्या पानापर्यंत दारात हवा. शोधाची दीडशे पानं फेकू नका, पण त्यातली चाळीसेक निवडून परतल्यानंतरच्या प्रकरणांमध्ये पेरा, प्रत्येक तुकडा तेव्हाच, जेव्हा त्यातला एखादा तपशील नव्या अर्थाने वाचता येतो. पंढरपुरातली हरवलेल्यांची ध्वनिक्षेपकावरची घोषणा, वाळवंटातली रात्र, बाप टाळकऱ्यांना थांबवून फोटो दाखवतो तो भाग: हे सुट्या तुकड्यांत जास्त चालेल. पहिला अहवाल साधारण 110 व्या पानावर, वाय रेषेचा 125 वर, दाखला 170 वर, नाळेची डबी 200 च्या आसपास.

मुलाच्या डोक्यातून एकही प्रकरण लिहू नका. त्याला सगळं माहीत आहे, आणि आतून लिहून ते लपवणं ही वाचकाशी लबाडी. त्याला बाहेरून दाखवा: दाराकडे तोंड करून झोपतो, ताटातली अर्धी पोळी खिशात ठेवतो, हाक मारल्यावर एक क्षण उशिरा वळतो कारण नऊ वर्षं नाव दुसरं होतं. यातल्या दोन गोष्टी ठेवा, पाच नकोत. नाहीतर तो मुलगा न राहता लक्षणांची यादी होतो. त्याला राग येऊ द्या. ज्या घरात त्याला वाढवलं तिथल्या माणसांवर त्याचं प्रेम असू द्या.

शेवट समितीपुढच्या आणि नंतर न्यायालयातल्या सुनावणीत न्या, कारण तिथे कायदाच तुमची कोंडी करतो. हिंदू दत्तक कायदा 1956 चा. नोंदणी सक्तीची नाही, पण मूल प्रत्यक्ष देण्या-घेण्याचा विधी झालेला असावा लागतो. तो विधी खरंच झाला होता, तर दत्तक वैध, थोरली कायदेशीर आई, आणि काकूवर 363 टिकतं. झाला नव्हता, नुसतं मूल उचलून मांडीवर ठेवलं आणि जन्मनोंद खोटी केली, तर नैसर्गिक आई काकूच. मग तिने स्वतःचंच मूल पळवलं, असं म्हणणं सरकारी वकिलाला जड जाईल. देणाऱ्या-घेणाऱ्यांखेरीज हा विधी पाहिलेली एकच व्यक्ती जिवंत आहे, आजी. तिचा जबाब प्रश्नोत्तरांच्या रूपात, लेखकाच्या एकाही टिपणीशिवाय द्या, चार ते पाच पानं. तिने खरं सांगितलं की नाही, हे वाचकाला कळायला हवं असेल तर त्याचा पुरावा त्याआधीच, त्या दिवसाच्या एखाद्या फोटोत किंवा भटजींच्या वहीतल्या दक्षिणेच्या नोंदीत ठेवून द्या. जबाबानंतर नवीन पुरावा आणू नका.